पिलांचे आरोग्य आईच्या दोणीत

डुकराचे नाव निघताच वर्गात हशा पिकतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. परंतु गोव्यातील पुष्कळ घरांना अडीअडचणीच्या वेळी याच प्राण्याने हात दिला आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरची डुकरीण व्याली. नऊ पिलांपैकी चार आठवड्याभरात दगावली. घरची माणसे म्हणाली, "दृष्ट लागली." आम्ही चौकशी केली तेव्हा कळले, की गाभणपणी तिला भरपूर चारले होते आणि व्याल्यावर मात्र पातळ पेजेवर ठेवले होते. दूध आटले, पिले उपाशी राहिली. दृष्ट लागली नव्हती. आहाराचा क्रम उलटा झाला होता.

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवसांचा असतो. पहिले तीन महिने मोठ्या जातीच्या डुकरिणीस दिवसाला दोन ते अडीच किलो समतोल खाद्य पुरते. आपल्या लहान चणीच्या गावठी डुकरिणीस याहून कमी लागते. या काळात अति चारल्यास ती मेदाने फुगते, विताना अडते व पुढे तिची भूक मंदावते. शेवटच्या महिन्यात पिले झपाट्याने वाढतात. तेव्हा खाद्य थोडे वाढवावे. नुसत्या कोंड्यापेजेने पोट भरते, परंतु पिलांचे अंग भरत नाही. त्यास पेंड किंवा उकडलेली मासळी आणि क्षारमिश्रण यांची जोड हवी.

पिलू रोगप्रतिकारशक्ती घेऊन जन्मत नाही. ती त्यास आईच्या चिकातून मिळते. यास्तव पहिल्या काही तासांतच प्रत्येक पिलू आचळास लागले पाहिजे.

व्याल्यानंतर खाद्य हळूहळू वाढवीत न्यावे: मोठ्या डुकरिणीस स्वतःसाठी दोन किलो आणि दर पिलामागे पाव ते अर्धा किलो. दुधात सुमारे ८० टक्के पाणीच असते. म्हणून तिच्यापुढे स्वच्छ पाणी सदैव असावे. दुधात लोह मात्र अत्यल्प असते आणि आईस लोह चारून ही उणीव भरून निघत नाही. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्याकडून पिलांनाच लोहाचे इंजेक्शन द्यावे.

यंदा त्या मुलाने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने दिवस मांडावयास आरंभ केला आहे. ११४व्या रेघेची आम्हीही वाट पाहत आहोत.