बालकांचे वजन : तराजूबरोबर उंचीपट्टीही

दहिवली येथील आमच्या बालरुग्ण विभागात एकाच सकाळी दोन प्रकारच्या माता येतात. एक कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याच्या कातकरी वा ठाकूर वाडीवरून, मुलाचा ताप किंवा जुलाब दाखविण्यासाठी. त्याच्या वजनाविषयी ती सहसा काही विचारीत नाही. दुसरी दहिवली-कर्जतच्या नव्या वसाहतीतून येते आणि म्हणते, "डॉक्टर, हा काही खातच नाही, भुकेचे एखादे टॉनिक द्या." आणि तराजूवर उभे केले असता पुष्कळदा ह्या दुसऱ्या बालकाचे वजन प्रमाणाबाहेर भरते! दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. वजन डोळ्यांनी ठरविले गेले आहे.

आपल्याकडे 'गुटगुटीत' ह्या शब्दात कौतुक आहे, आणि सुदृढ बालक स्पर्धांतूनही बाळसेदार मुलाकडेच कौतुकाने पाहिले जाते. आम्हीही ह्या दोषापासून मुक्त नव्हतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गर्दीच्या दिवशी वजन तेवढे टिपून घ्यावयाचे आणि उंची पुढच्या खेपेवर ढकलावयाची, असे आमच्याकडूनही घडले आहे. त्यात काय निसटते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन वर्षांचे दोन मुलगे आहेत, दोघांचेही वजन १२ किलो. वयाच्या मानाने पाहिल्यास दोघेही तक्त्यावरील सर्वसाधारण पट्ट्यात बसतात. मात्र एकाची उंची ९० सें.मी. आणि दुसऱ्याची ९८ सें.मी. असेल, तर पहिल्याचे वजन त्याच्या उंचीला साजेसे आहे आणि दुसरा रोडावलेला, म्हणजे मध्यम तीव्र कुपोषित आहे. केवळ तराजूवर विसंबल्यास हा दुसरा मुलगा 'ठीक' म्हणून घरी जातो, आणि पुढच्या जुलाबात खालच्या श्रेणीत घसरून परत येतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सें.मी. पेक्षा कमी भरल्यास ते अतितीव्र कुपोषित समजावे. ही मोजपट्टी अंगणवाडीताईंजवळ असते आणि तिला अर्धे मिनिटही लागत नाही.

ही समस्या केवळ आपल्या दोन तालुक्यांपुरती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने रोडावलेली होती. आधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणातही हा आकडा नेमका तेवढाच होता. त्याच काळात जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण मात्र १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. म्हणजे एक प्रश्न जागचा हलला नाही आणि दुसरा दाराशी येऊन उभा राहिला.

ह्या दोन प्रश्नांचे नाते समजण्यास पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन उपयोगी पडते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा त्यांनी अभ्यास केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपली बालके स्नायूंनी लहान होती, परंतु त्वचेखालील चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. 'बारीक तरीही चरबीयुक्त' असे हे भारतीय बाळ. अशा बालकावर पुढे मोठेपणी भराभर मेद चढला, तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून कमी वजनाच्या मुलास बिस्किटे, साखर व तळकट पदार्थांनी 'भरून काढणे' हा उपाय नव्हे, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

वाडीवरील मुलांचा प्रश्न बराचसा ऋतूशी बांधलेला आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्या अवधीत गावच्या अंगणवाडीतील मुलाची वजननोंद खंडित होते, आहार तुटतो, आणि आई दिवसभर कामावर असल्याने भरविणारे हात भावंडांचेच असतात. लहान मुलाचे पोट लहान. पातळ पेजेने ते भरते, पण पोसत नाही. त्याच मऊ भातात एक चमचा तेल घातल्यास सुमारे ४५ उष्मांक वाढतात. त्यात डाळ, शेंगदाण्याचे कूट, अंडे किंवा बारीक केलेली सुकी मासळी घालावी व दिवसातून चार-पाच वेळा भरवावे. आजारपणात अन्न तोडू नये. बरे झाल्यावर दोन आठवडे एक जेवण अधिक द्यावे. नाचणी आणि पावसाळ्यातील रानभाज्या ह्या भागातील घरांना नव्याने शिकवाव्या लागत नाहीत, त्या मागे पडू नयेत एवढेच.

वसाहतीतील मुलाचे चित्र निराळे. आई-वडील पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात, रात्री परततात. मधल्या वेळेत दुकानातील पुडे, गोड पेये आणि दूरदर्शन वा मोबाईल. येथे पालक घाबरून मुलाचे जेवण कमी करतात, ते चुकीचे आहे. समजा, नऊ वर्षांच्या मुलाची उंची १३२ सें.मी. व वजन ४२ किलो आहे. उंचीशी वजनाचे प्रमाण दर्शविणारा त्याचा निर्देशांक २४ येतो, म्हणजे त्या वयास तो लठ्ठ होय. परंतु मूल वाढते आहे. वैद्यकीय देखरेखीखाली वजन तेथेच स्थिर राखता आले आणि दोन वर्षांत उंची १४४ सें.मी. झाली, तर हाच निर्देशांक २० च्या आसपास येतो. त्यासाठी उपास नको. भाकरी, आमटी, भाजी घरचीच असावी. गोड पेये बंद व्हावीत. रोज एक तास अंगाला घाम येईल असा खेळ असावा. आणि आजीने 'आणखी एक घास' म्हणण्याचे थांबवावे. हा शेवटचा उपाय सर्वांत अवघड, असा आमचा अनुभव आहे!

आता देणगीदारांस एक विनंती. कुपोषित बालकांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे पाठवावेत का, अशी विचारणा आमच्याकडे सद्भावनेने होते. शिशुदुग्ध पर्याय व दुधाच्या बाटल्या अनाथालयाखेरीज कोणास देणगी म्हणून देण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. वाडीवरील पाण्यात कालविलेली भुकटी जुलाबास निमंत्रण देते, शिवाय स्तनपान मागे पडते. आम्हांस उंचीमापक फळे हवे आहेत, आणि त्याहून अधिक गरज आहे ती मातांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करण्याची. अतितीव्र कुपोषित बालकास उपचारासाठी साधारण दोन आठवडे येथे राहावे लागते. ते दोन आठवडे आईची रोजची मजुरी बुडते, घरी दुसरी मुले वाट पाहत असतात, आणि वजन चढू लागताच चौथ्या-पाचव्या दिवशी ती बाळाला उचलून निघून जाते.