तीन भिंगांचा प्रोजेक्टर, नवा संगणक

प्रश्न : जुना तीन भिंगांचा सीआरटी प्रोजेक्टर मिळालाय. संगणकाला फक्त एचडीएमआय आहे. टोकं बदललेली केबल चालेल का?
– एक वाचक, मुठा (ता. मुळशी)

उत्तर : नाही. एचडीएमआय डिजिटल, प्रोजेक्टर अ‍ॅनालॉग. नुसती पिन बदलून भागत नाही. पण काम अवघड नाही. मागे पाच बीएनसी सॉकेट असतील तर एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर आणि व्हीजीए-बीएनसी केबल घ्या. सुरुवात ६४०×४८०, ६० हर्ट्झवर करा. त्याला आडव्या स्कॅनचे सुमारे ३१.५ किलोहर्ट्झ लागतात, १०८०पीला ६७.५. मॉडेलची मर्यादा माहितीपुस्तिकेत बघूनच वाढवा. टीव्हीच्या १५ किलोहर्ट्झपुरतंच मॉडेल असेल, तर हा मार्ग सोडा. टास्कबार लपवा, स्थिर चित्राचा डाग नळीवर कायमचा बसतो. काही ओटीटी चित्रपट एचडीसीपी या कॉपी-संरक्षणामुळे दिसले नाहीत, तर जोडणीला दोष देऊ नका. झाकण मात्र उघडायचं नाही! आतले हजारो व्होल्ट बंद केल्यावरही टिकून राहतात.