ढेकणांवर शेताचं औषध नको

गेल्या मे महिन्यात नांदेडच्या एका वस्तीत आम्ही लेकरांची लसीकरणाची कार्डं तपासत होतो. एका तरुण आईनं दार लोटून घेतलं, लेकराची पाठ दाखवली आणि हळूच म्हणाली, "ताई, खरूज आहे म्हणून लिहा. शेजारी कळायला नको." ती खरूज नव्हती. मानेपासून खाली तीन-तीन, चार-चार लाल गांधी एका ओळीत उठल्या होत्या. वाकळ उलटून पाहिली तर शिवणीत काळे ठिपके. आणि खिडकीत एक बाटली. नवऱ्यानं शेतावरून आणलेलं कपाशीवर मारायचं औषध. त्या रात्री ते बाजेवर शिंपडायचं ठरलं होतं.

या महिन्याचं पान त्या बाटलीसाठी.

आधी लाज बाजूला ठेवू. आपल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या घाणेरडं म्हणून हिणवलं गेलं, त्यामुळे घरात ढेकूण निघाला की आपल्याला तो जास्तच झोंबतो. पण ढेकूण घाण खात नाही. त्याला फक्त रक्त लागतं, ते बंगल्यातलं असो की पत्र्याच्या खोलीतलं. नर्सिंग शिकताना आमच्या वसतिगृहात दर आठवड्याला पांढऱ्या चादरी बदलत, तरी लोखंडी खाटांच्या सांध्यांत ढेकूण असतच. तो सामानातून येतो. लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या पोराच्या पेटीतून, ऊसतोडीहून परतलेल्या अंथरुणातून, जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या दिवाणातून. म्हणून असं सामान आत घेण्याआधी अंगणात उघडून बघा.

ओळखायचा कसा? मोठा ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तपकिरी. रक्त प्यायला की फुगून लाल होतो. पिल्लं फिकट, जवळजवळ पारदर्शक. अंडी खसखशीच्या दाण्यासारखी पांढरी, फटीत चिकटलेली. चादरीवर रक्ताचे डाग, टाकलेली कात आणि एक उग्र गोडसर वास. पहाटे अचानक बॅटरी मारून पाहा, सापडतोच. एकाच अंथरुणातल्या दोघांपैकी एकाच्याच अंगावर गांधी उठल्या म्हणून दुसऱ्याला चावत नाही असं समजू नका. काहींच्या अंगावर खूणच उमटत नाही.

खरजेचं वेगळं. तिचा किडा कातडीत राहतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती खाज येते, घरातल्या इतरांनाही होते आणि सगळ्यांनी एकाच वेळी मलम लावावं लागतं. ढेकूण अंगावर राहत नाही, म्हणून खरजेचं मलम कितीही चोळलं तरी उपयोग शून्य. ढेकणामुळे माणसामाणसांत रोग पसरतो असं आजवर दिसलेलं नाही. त्रास आहे तो झोपमोडीचा, खाजवून जखमा चिघळण्याचा. फार ढेकूण झाले तर लहान लेकराचं रक्तही कमी होतं. जखमेत पू झाला, ताप आला तर आरोग्य केंद्रात दाखवा.

आता औषधाचं. शेतातलं कीटकनाशक कातडीतूनही अंगात भिनतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. आपण तर त्याच अंथरुणात तान्हं लेकरू घेऊन रात्रभर झोपणार! धान्यात ठेवायच्या गोळ्या याहून वाईट. दमट हवेत त्यातून विषारी वायू सुटतो, हवेपेक्षा जड असल्यानं तो खाली साचतो, म्हणजे जमिनीवर झोपलेल्यांच्या नाकाशी. फटीतून शेजाऱ्याच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. कुणाला मळमळ, उलटी, लाळ, घाम, धाप असं होऊ लागलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, अंगावर औषध सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाचं खोकं सोबत न्या. रॉकेल नको, घर पेटतं.

जुनी माणसं म्हणतात, पूर्वी डीडीटीनं ढेकूण जायचे. 1953 मध्ये मलेरियाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी फवारे आले, सुरुवातीला ढेकूणही मेले. मग त्यांना ते औषध पचू लागलं. आज दुकानातल्या पुष्कळ फवाऱ्यांचं तेच झालंय.

उष्णतेपुढं मात्र त्याचं चालत नाही. साधारण पन्नास अंशांच्या पुढं ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. बाज, खाट उघड्यावर काढून सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत उकळतं पाणी ओता. लेकरं लांब ठेवा. चादरी, कपडे कडक गरम पाण्यात भिजवा. पाणीच नसेल तर? 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं रोज वाकळा धुवा म्हणणं ही थट्टाच. मग आपलं ऊन वापरा. वाकळ काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस भर उन्हात तापत्या पत्र्यावर ठेवा, अधूनमधून उलटा. नुसती पसरली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. जाड गादी आतपर्यंत तापत नाही. तिच्या शिवणी ब्रशनं घासा, फार खराब असेल तर कापूस काढून पिंजून घ्या.

भिंतीही बघा. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरी आपण पुढून रोज पुसतो, मागचा पुठ्ठा वर्षानुवर्षं कुणी काढत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त ढेकूण तिथंच सापडलेत. फटी सिमेंटनं बुजवा, चुना मारा. खाट भिंतीपासून दूर ठेवा, पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत. पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर ढेकूण जाऊन डेंग्यूचा डास यायचा.

एका आजीनं विचारलं, "पहिल्या शिलाचं काय गं?" बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक सांगितला आहे. नातवाला झोप लागावी ही गरजच, असं आम्ही म्हटलं. आजी हसल्या आणि पाणी तापत ठेवलं.

एकदा करून भागत नाही. अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर आठवड्याला एक, अशा किमान तीन फेऱ्या. भिंतीला भिंत असलेल्या घरांनी एकाच दिवशी करा, नाहीतर इकडचे तिकडे जातात. त्यासाठी रविवारी विहारात जमलात की उघड बोला.

त्या आईनं अखेर शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, "आमच्यातही आहेत की." बाटली नवऱ्यानं शेतावर परत नेली. चार फेऱ्या लागल्या. चौथ्या वेळी दिवाणाच्या एका खिळ्याच्या भोकात दोनच निघाले.