वर्गातील यंत्र आणि शिक्षक

शाळेला संगणक किंवा प्रोजेक्टर भेट देण्याचा कार्यक्रम आपण सर्वांनी पाहिला आहे. फीत कापली जाते, फोटो निघतो, टाळ्या होतात. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तर एका शाळेत ते यंत्र रोज वापरात असते, तर दुसऱ्या शाळेत त्यावर कापड झाकलेले असते. यंत्र तेच, अभ्यासक्रम तोच. मग फरक कशाचा? "शिक्षकांनाच आवड नाही," असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर अपुरे आहे असे मला वाटते.

मी बँकेत कारकून आहे. नोकरीला लागलो तेव्हा शाखेत कोअर बँकिंग नुकतेच आले होते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी संगणकात नोंद केल्यावर तीच नोंद वहीतही हाताने उतरवीत. आम्ही तरुण मंडळी हसत असू. पुढे कळले की त्यांना यंत्राची भीती नव्हती. चूक झाली तर जाब कोण देणार, ही काळजी होती. काही महिने दोन्ही आकडे ताडून पाहिल्यावर त्यांनी आपणहून वही बंद केली. शिक्षकांचेही याहून फार वेगळे नसते.

अमेरिकन अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडले की नवे तंत्र माणूस स्वीकारतो ते मुख्यतः दोन गोष्टी पाहून: ते माझ्या कामाचे आहे का, आणि ते मला सहज जमेल का. शिक्षणक्षेत्रात पेगी अर्टमर यांनी १९९९ साली अडथळ्यांचे दोन प्रकार सांगितले, बाहेरचे आणि मनातले. या विचारांच्या आधारे आपल्याकडील उदाहरणे पाहू.

१) बाहेरचे अडथळे : वीज, इंटरनेट, दुरुस्ती आणि वेळ हे अडथळे सर्वांना दिसतात. पण जबाबदारीचा अडथळा सहसा दिसत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून खडू-फळा योजनेतून प्राथमिक शाळांना शैक्षणिक साहित्य मिळाले. अनेक ठिकाणी ते कपाटातच राहिले. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढली की ती फुटल्यास भरपाई कोणी करायची, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी कुलूप लावणे हा आळस नसून सावधगिरी असते. त्यातच निवडणूक आणि जनगणनेची कामे शिक्षकांकडे येतात. नवीन शिकायला निवांत वेळ मिळणार कधी?

२) धड्याशी मेळ : पुण्याच्या बालचित्रवाणी या संस्थेने १९८४ पासून मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार केले व ते दूरदर्शनवरून दाखवले गेले. २०१७ साली ही संस्था बंद झाली. कार्यक्रम कितीही चांगला असला तरी प्रक्षेपणाची वेळ शिक्षकाच्या हातात नसते. वर्गात अपूर्णांक चालू असताना पडद्यावर नदी आली, तर संच बंदच ठेवावा लागतो.

याउलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्यापुढे अडचण होती ती भाषेची. पाठ्यपुस्तके मुलांच्या घरच्या कानडी भाषेत नव्हती. त्यांनी स्वतः ती भाषा शिकून पहिली ते चौथीच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडवर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. २०१७ साली राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथे अडचण आधी होती, यंत्र नंतर आले, हे ध्यानात घ्यावे.

३) मनातले अडथळे : वीस वर्षे खडूने उत्तम शिकवणाऱ्या बाईंना चाळीस मुलांसमोर यंत्र अडले तर काय, ही धास्ती असते. मुले आपल्याहून जलद आहेत हेही त्या जाणतात. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने ही धास्ती जात नाही. शेजारच्या वर्गातील सहकारी मदतीला आला आणि "बिघडले तर बघू, तुम्ही वापरा," असे मुख्याध्यापकांनी म्हटले, तर ती जाते.

हा प्रश्न आपल्या वस्तीच्या जिव्हाळ्याचा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एकच मोबाईल, आणि तोही वडिलांसोबत कामावर जाणारा, अशी कितीतरी घरे आपण जवळून पाहिली. ज्याच्या घरी संगणक आहे त्याचे शाळेतला संगणक झाकलेला राहिला तरी फारसे अडत नाही. ज्याच्या घरी नाही त्याची मात्र ती एकमेव संधी असते.

म्हणून दिघ्यापासून बेलापूरपर्यंत कोणत्याही शाळेला काही भेट देताना आपल्यासारख्या संस्थांनी आधी शिक्षकांना तीन प्रश्न विचारावेत, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. कोणता धडा मुलांना समजावताना अडचण येते? यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार? पहिले तीन महिने सोबत बसून शिकवायला कोण येणार? जमलेल्या निधीतील काही भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. यंत्र एखादे कमी आले तरी चालेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण संगणक शिकला आहात. आपल्या जुन्या शाळेत जा, बाईंना नमस्कार करा, आणि एक तास त्यांच्या शेजारी बसा. ज्यांनी आपल्याला अक्षर गिरवायला शिकवले, त्यांना माऊस धरायला शिकवण्यात कमीपणा ना त्यांना, ना आपल्याला.