मागच्या चाकांचे समरेखन

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगाव (आजचे गुरुग्राम) येथे पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली. त्यानंतर मोटारगाडी मध्यमवर्गीयांच्या दारी येऊ लागली. गाडी चालवून पोट भरणाऱ्यासाठी नवे टायर म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. ते अकाली झिजण्याचे एक दुर्लक्षित कारण या पाठात आपण समजून घेणार आहोत.

गाडी सरळ जात असतानाही स्टिअरिंग तिरपे राहते, तेव्हा आपण पुढच्या चाकांना दोष देतो. परंतु दोष मागेही असू शकतो. वरून पाहिले असता चाकाचा पुढचा भाग आत किंवा बाहेर वळलेला असतो. या कोनाला ‘टो’ म्हणतात. मागून पाहिले असता चाकाचा जो कल दिसतो, तो ‘कॅम्बर’. मागच्या दोन चाकांची टो सारखी नसेल, तर त्यांचा रोख गाडीच्या मध्यरेषेपासून ढळतो. मग गाडी सरळ ठेवण्यासाठी चालकाला स्टिअरिंग सतत तिरपे धरावे लागते.

म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा आहे :

१. टायरमधील हवा तपासावी. सैल वा झिजलेले भाग आधी बदलावेत.
२. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांचे कोन मोजावेत.
३. प्रथम मागची चाके जुळवावीत. समायोजनाची सोय असल्यास नट सैल करून कॅम बोल्ट थोडा थोडा फिरवावा. कोन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आला, की नट ठरवून दिलेल्या जोराने आवळावा.
४. त्यानंतरच पुढची चाके जुळवावीत.

अनेक लहान गाड्यांत मागची चाके एकाच आडव्या तुळईने जोडलेली असतात आणि तेथे फिरवण्याजोगा बोल्ट नसतो. काही गाड्यांत पातळ पट्टी घालून कोन सुधारता येतो. तुळई वाकली असेल, तर मात्र ती बदलावीच लागते. हातोड्याने ठोकून सरळ करणे धोक्याचे असते. अशा वेळी ग्राहकाला खरे कारण सांगणे, हाही कारागिराच्या कौशल्याचाच भाग आहे.

पाठगत प्रश्न
१. टो आणि कॅम्बर यांतील फरक सांगा.
२. मागची चाके आधी का जुळवावीत?
३. समायोजनाची सोय नसल्यास तुम्ही ग्राहकाला काय सांगाल? चार वाक्यांत लिहा.