वस्तू पडल्याने फुटत नाही!

काचेचा पेला हातातून निसटला आणि फरशीवर पडून फुटला. तो का फुटला? हा प्रश्न तुमच्या धाकट्या भावंडाला विचारून पाहा. "वरून पडला म्हणून," असे उत्तर लगेच मिळेल. आता दुसरा प्रश्न विचारा. तोच पेला तेवढ्याच उंचीवरून गादीवर पडला असता तर? "मग नसता फुटला!"

पडणे तर दोन्ही वेळा सारखेच होते. उंची तीच, खाली पोहोचतानाचा वेगही तोच. हवेतून खाली येईपर्यंत पेल्याला काहीच झालेले नसते. तेव्हा पेला पडल्याने फुटत नाही. तो एकदम थांबल्याने फुटतो. नाजूक वस्तूंच्या पॅकिंगचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. पॅकिंग वस्तूचे पडणे थांबवू शकत नाही. ते तिला सावकाश थांबवते.

थोडे गणित

समजा, ५० ग्रॅम वस्तुमानाचे अंडे १ मीटर उंचीवरून पडले. गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर जमिनीशी पोहोचताना त्याची गतिज ऊर्जा ०.०५ × १० × १ = ०.५ ज्यूल होते. अंडे थांबायचे, तर ही सगळी ऊर्जा खर्च झाली पाहिजे. कार्य = बल × विस्थापन, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच. येथे विस्थापन म्हणजे टेकल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत अंडे जेवढे पुढे सरकते ते अंतर.

फरशी दबत नाही. कवच तेवढे किंचित दबते. हे अंतर १ मिलिमीटर मानू. मग सरासरी बल ०.५ ÷ ०.००१ = ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतके होईल. बिचाऱ्या अंड्याचा काय पाड! आता खाली पेंढा असून तो २.५ सेंटिमीटर दबला असे माना. बल ०.५ ÷ ०.०२५ = २० न्यूटन, म्हणजे जेमतेम २ किलोग्रॅम वजनाइतके. थांबण्याचे अंतर २५ पट झाले आणि बल पंचविसाव्या हिश्शावर आले.

लहान मुलांना हे सूत्र सांगण्याची गरज नाही. त्यांना चेंडू झेलायला सांगा. वेगाने आलेला चेंडू झेलताना हात आपोआप मागे जातात. पायरीवरून उडी मारताना गुडघे आपोआप वाकतात. "हात ताठ ठेवले असते तर काय झाले असते?" एवढे विचारले की पुरे. पेंढ्याचे काम म्हणजे मागे जाणाऱ्या हातांचेच काम, हे त्यांना पटकन कळते.

प्रयोग : मातीचा साक्षीदार

साहित्य : शाडूची भिजवून मळलेली माती, पुठ्ठ्याचे खोके, जुनी वर्तमानपत्रे, पेंढा किंवा वाळलेले गवत, मोजपट्टी.

कृती : मातीचा लिंबाएवढा गोळा करा. तो १ मीटर उंचीवरून फरशीवर सोडा. गोळा जेथे आपटला तेथे तो चपटा होईल. त्या चपट्या भागाची रुंदी मोजून लिहून ठेवा. गोळा पुन्हा गोल करा. आता खोक्यात (१) कागदाची सपाट घडी, (२) चुरगळून सैल भरलेले कागद, (३) तेच कागद ठासून दाबलेले, (४) पेंढा ठेवून दर वेळी त्याच उंचीवरून गोळा सोडा आणि रुंदी मोजा. प्रत्येक प्रकार तीनदा करून सरासरी काढा.

गोळ्यावर जितके जास्त बल, तितका तो जास्त चपटा. म्हणून हा गोळा म्हणजे आपले बल दाखवणारे साधे उपकरणच आहे. प्राथमिक वर्गातली मुलेही हा प्रयोग करू शकतात. काही फुटत नाही, वाया जात नाही. प्रयोगापूर्वी प्रत्येकाला आपला अंदाज लिहायला लावा. अंदाज चुकला की मुले अधिक विचार करतात.

मऊपणाला मर्यादा आहे

यानंतर तोच सैल कागद ठेवून त्यावर लिंबाऐवजी मोसंबीएवढा गोळा सोडा. जड गोळा कागद पूर्ण दाबून खोक्याच्या तळाला आपटेल आणि कागद असून नसल्यासारखा होईल. म्हणजे गादी नुसती मऊ असून भागत नाही. वस्तूच्या वजनाला ती पुरली पाहिजे. उलट ठासून भरलेल्या कागदाला आणखी दबायला जागाच उरत नाही. त्याने आपले दबणे आधीच खर्च करून टाकलेले असते.

कोकणातून येणारी हापूसची लाकडी पेटी आठवा. पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. पेंढा कमी पडला तर आंबे फळीवर आणि एकमेकांवर आपटतात. फार ठासला तर तो दबत नाही. आपटलेला आंबा बाहेरून धड दिसतो, पण आतून त्या जागी डागळतो आणि आधी सडतो. बागायतदाराचे वर्षभराचे कष्ट मूठभर पेंढ्याच्या अंदाजावर अवलंबून असतात.

अंड्यांच्या ट्रेमध्ये आणखी एक युक्ती आहे. ३० अंड्यांना ३० स्वतंत्र खळगे असतात. त्यामुळे अंडे अंड्यावर आपटत नाही. शिवाय खळगा अंड्याला सभोवती टेकतो, म्हणून बल एका बिंदूवर न येता मोठ्या क्षेत्रफळावर वाटले जाते आणि दाब कमी होतो. पन्हाळी पुठ्ठाही असाच गुणी. १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स याने काचेच्या बाटल्या व दिव्यांच्या चिमण्या गुंडाळण्यासाठी त्याचे पेटंट घेतले. कागदाच्या त्या लहान लहान कमानी धक्का बसला की चेपतात आणि ऊर्जा स्वतः खर्च करतात.

सर्वांत नाजूक वस्तू

आता शेवटची वस्तू. ती तुमच्या खांद्यांवर आहे! दुचाकीस्वाराच्या हेल्मेटमध्ये बाहेर कठीण कवच असते. ते बल पसरवते. आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर चिरडतो आणि डोक्याला थांबायला काही मिलिमीटरांऐवजी दोन-अडीच सेंटिमीटर अंतर मिळते. गोष्ट दोन बोटांची, पण वरचे गणित आठवा. अंतर वाढले की बल त्याच प्रमाणात उतरते.

मात्र चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. ठासलेल्या कागदाप्रमाणे त्याचेही दबणे खर्च झालेले असते. आणि पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्यावरून निघूनच जाते. घरातील वडीलधाऱ्यांना हे अवश्य सांगा. मातीचा गोळा दाखवून सांगितलेत, तर त्यांना नक्की पटेल.

विचार करा

१. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू का भरतात? पावसाने ती घट्ट बसली तर उडी मारण्यापूर्वी काय करावे?

२. वेफर्सच्या फुगलेल्या पुड्याला टाचणीने भोक पाडून तो दप्तरात टाकला, तर वेफर्सचे काय होईल?

३. पेंढ्याऐवजी लोखंडी स्प्रिंग वापरल्या तर अंडे थांबल्यावर पुढे काय होईल? चांगल्या गादीने ऊर्जा साठवून परत द्यावी, की खर्च करून टाकावी?