दोन किलो गेले कोठे?

चैत्र-वैशाखात भोर आणि वेल्हे परिसरातल्या गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड रंगतो. हलगी कडाडते, पंच दोन पोरांना शेजारी उभे करतात, खांदे-मांड्या नजरेने जोखतात आणि जोड लावतात. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत हेच चालते. वजनकाटा कोणी आणीत नाही. जोड विजोड झाली तर प्रेक्षकच ओरडून सांगतात. शालेय स्पर्धांत मात्र गोष्ट वेगळी. तेथे कुस्ती असो की मुष्टियुद्ध, आधी काट्यावर उभे राहावे लागते आणि काट्यावरच्या आकड्यावरून गट ठरतो.

मग मोह होतो. ५२ किलोंचा मुलगा ५० किलोंच्या गटात बसला, तर समोरचा प्रतिस्पर्धी हलका मिळेल, असा हिशेब. खेळात वरपर्यंत मजल गेली की दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुणही मिळतात. म्हणून स्पर्धेच्या तीन दिवस आधी जेवण बंद, पाणी घोटभर, आणि अंगावर रेनकोट चढवून पळणे. (वेल्ह्याच्या पावसामुळे रेनकोट घरोघरी असतोच!) या तीन दिवसांत शरीर थकते हे सर्वांना ठाऊक आहे. मनाचे काय होते, हे सहसा कोणी सांगत नाही. ते समजण्यासाठी आधी हे दोन किलो गेले कोठे, याचा शोध घेऊ.

ते चरबीतून गेले असतील का? वेल्हे गावातून तोरणा चढताना उंचीत साधारण ७०० मीटरांचा फरक पडतो असे धरा. आपल्या ५२ किलोंच्या मुलाने केलेले कार्य ५२ × ९.८ × ७००, म्हणजे सुमारे ३,५७,००० ज्यूल, अर्थात ८५ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर शरीराचा प्रत्यक्ष खर्च ३४० किलोकॅलरी होतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठवलेली असते. म्हणजे एका चढाईत चरबी जळाली ४५ ग्रॅमांच्या आसपास! दोन किलो चरबी घालवायची, तर तोरणा ४५ वेळा चढावा लागेल. तीन दिवसांत हे होणे नाही.

तेव्हा गेले ते मुख्यतः पाणी. त्याच्याबरोबर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, हेही गेले. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगून असते, त्यामुळे उपाशी राहिले की पहिल्या दिवसात काटा झपाट्याने उतरतो आणि मुलाला वाटते, जमले! काटा फक्त किती गेले ते सांगतो, काय गेले ते सांगत नाही.

आता रेनकोटाकडे वळू. घामाचे बाष्पीभवन होताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. रेनकोटाच्या आत घाम येतो, पण वाफ बाहेर पडू शकत नाही. घाम नुसताच निथळतो, आणि निथळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. शरीराचा विशिष्ट उष्मा ०.८३ च्या जवळपास आहे. म्हणजे ५२ किलोंचे शरीर एक अंशाने तापवायला सुमारे ४३ किलोकॅलरी पुरतात. अर्धा तास पळण्यात १५० किलोकॅलरी उष्णता सहज निर्माण होते. ती मुळीच बाहेर पडू दिली नाही असे धरले, तर तापमान ३७ वरून ४० अंशांच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात थोडीफार उष्णता निसटते, म्हणून इतके लगेच होत नाही. पण दिशा तीच. उष्माघाताचे महत्त्वाचे लक्षण कोणते, ठाऊक आहे? बोलण्यात आणि वागण्यात येणारा गोंधळ. शरीराची तक्रार प्रथम डोक्यातून बाहेर पडते.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहिले आहे. हेच परासरण. घामाने पाणी गेले की उरलेल्या रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि पेशींतील पाणी बाहेर ओढले जाऊ लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाला हा बदल एक-दोन टक्क्यांचा असतानाच कळतो. तेथून तहानेचा निरोप निघतो, आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा हुकूम जातो. हा निरोप दाबून ठेवणे सोपे नाही. लक्ष पाठ्यपुस्तकावर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या हातावर असायला हवे, ते माठाकडे वळते. दुसरीकडे साखरेची ओढाताण चालूच असते. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो, आणि स्वतःजवळ साठा जवळजवळ ठेवीत नाही. यकृतातले शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन एका दिवसाच्या उपवासात बहुतेक संपते.

याचा मनावर होणारा परिणाम मोजला गेला आहे. १९९८ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगिरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सरासरी सहा टक्के वजन थोड्या दिवसांत उतरवले होते. त्यांचे अल्पकालीन स्मरण घटले, उदासी आणि चिडचीड वाढली; खाणेपिणे पूर्ववत झाल्यावर, तीन दिवसांनी केलेल्या तपासणीत, सारे पुन्हा ठीक होते. २००१ साली ब्रिटनमध्ये १६ हौशी मुष्टियोद्ध्यांवर प्रयोग झाला. एका आठवड्यात त्यांनी पाच टक्के वजन कमी केले. त्यांचा राग, ताण आणि थकवा वाढला, उत्साह घटला. गंमत पुढेच आहे. वजन उतरवल्यावर आपली कामगिरी किती होईल, असे त्यांना आधी विचारले होते. प्रत्यक्ष कामगिरी त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी भरली. पाणी आणि अन्न यांच्याबरोबर स्वतःचा अंदाजही चुकू लागतो, हे मला यातले सर्वांत गंभीर वाटते.

काही जण म्हणतात, राग वाढला तर बरेच, भुकेला वाघ जास्त जोराने झडप घालतो. वाघाला ठोसा चुकवायचा नसतो! मुष्टियुद्धात दोन ठोसे मारणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिसरा न मारता थांबणे. मागच्या फेरीत समोरचा कोणत्या बाजूने उघडा पडला होता, हे लक्षात ठेवणे म्हणजे अल्पकालीन स्मरणच. शिवाय या खेळात मार डोक्यावर बसतो. ज्या अवयवाचे पाणी आपण तोडले, त्यालाच ठोसे खायला पुढे करणे यात शहाणपण दिसत नाही.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमधील दोन गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली, रात्रभर वजन उतरवण्यासाठी धडपड केली, आणि ७ ऑगस्टच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे ती अपात्र ठरली. त्याच ठिकाणी अमन सेहरावतने सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवून ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. मग अमनचे उदाहरण घ्यायचे की नाही? तो प्रौढ खेळाडू, आणि त्याच्याभोवती अनुभवी मार्गदर्शक रात्रभर जागे होते. वाढीच्या वयातला मुलगा घरच्या पडवीत हे एकटाच करतो, तेव्हा त्याच्यावर नजर कोणाची असते? १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख, वाफेच्या खोल्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांवर बंदी आली.

आपल्या खाशाबा जाधवांचेही आठवावे. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ते एक गट वर, ५७ किलोंत खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. यावरून नियम काढता येणार नाही, कारण चार वर्षांत खेळही वाढतो. पण वरच्या गटात गेले की हरलेच, ही भीती तरी खोटी आहे.

वजन काट्यावर देऊन झाल्यावर पाणी पिऊन भरपाई होईल, हाही एक समज. पोट तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी पुढे सोडते, आणि ग्लायकोजेनचा साठा भरायला दिवसभर किंवा अधिक लागतो. हौशी मुष्टियुद्धात वजन लढतीच्या दिवशीच घेतात. वेळ उरतोच कोठे?

खेळाच्या शिक्षकांना सोपा प्रयोग सुचवतो. तो नेहमीच्या, नीट जेवलेल्या दिवसांत सुरू करायचा. मुद्दाम तहानलेले राहून मुळीच नाही. मोजपट्टी उभी धरून सोडायची आणि मुलाने चिमटीत पकडायची. पट्टी s अंतर पडली तर वेळ √(२s/g): २० सेंटिमीटरला ०.२० सेकंद, ३० ला जवळजवळ ०.२५. नंतर सहा आकडे सांगून ते उलट्या क्रमाने म्हणायला लावायचे. शेवटी झोप, चिडचीड आणि उत्साह यांना पाचपैकी गुण द्यायचे. प्रतिक्रियेचा वेळ दर वेळी बदलेलच असे नाही. आकडे आणि चिडचीड यांत फरक लवकर दिसतो. स्पर्धेच्या आठवड्यात हेच पुन्हा करावे. नोंदवही मात्र शिक्षकांकडे असू द्यावी. तहानलेल्या मुलाला विचारले, तर तो ‘मला काही झालेले नाही, सर’ असेच सांगतो.